सौदी अरेबियातला अबाया: सक्ती कशी आली, कशी सैल झाली आणि काय शिल्लक आहे

आपण या मालिकेत नेहमी सीमा, शस्त्रास्त्रं, घुसखोरी यांवर बोलतो. आज मात्र एका कपड्यावर बोलायचं आहे. तो कपडा म्हणजे सौदी अरेबियातला काळा अबाया. एखाद्या देशात बायकांनी काय घालावं हे कोण ठरवतं, यावरून त्या देशात खरी सत्ता कुणाच्या हातात आहे ते कळतं. म्हणून हा विषय सामरिक अभ्यासाच्या बाहेरचा नाही.

जानेवारी २०२४ मध्ये भारताच्या तेव्हाच्या मंत्री स्मृती इराणी हज कराराच्या निमित्ताने सौदी अरेबियात गेल्या होत्या. जेद्दामध्ये करार झाला आणि ८ जानेवारीला त्यांचं शिष्टमंडळ मदिनेला गेलं. मदिना हे इस्लाममधलं मक्केनंतरचं सर्वांत पवित्र शहर. तिथली छायाचित्रं प्रसिद्ध झाली, त्यांत त्यांचं डोकं झाकलेलं नव्हतं. पाकिस्तानातल्या अनेकांना राग आला. यजमान सौदी सरकारने मात्र काहीच आक्षेप घेतला नाही. पंधरा वर्षांपूर्वी असं घडलं असतं का? मुळीच नाही. मग मधल्या काळात काय बदललं, हे समजून घेऊ.

आधी शब्द नीट समजून घेऊ

आपल्याकडे सगळ्याला सरसकट बुरखा म्हणतात. हिजाब म्हणजे केस आणि मान झाकणारा रुमाल, चेहरा उघडा. निकाब म्हणजे डोळे सोडून चेहरा झाकणारं कापड. अबाया म्हणजे अंगावरच्या कपड्यांवरून घालायचा पायघोळ, सैल झगा. सौदीत रूढ होतं ते काळा अबाया, डोक्यावर काळा रुमाल आणि रियाधसारख्या मध्य भागात बहुतेकींच्या चेहऱ्यावर निकाब.

आता धर्मग्रंथ काय सांगतो? कुराणात सभ्य पेहरावाचा विषय मुख्यतः दोन ठिकाणी येतो, २४ व्या आणि ३३ व्या अध्यायात. २४ व्या अध्यायात आधी पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगितलं आहे आणि मग स्त्रियांना. अंग झाकावं असं म्हटलं आहे, पण काळा रंग किंवा अबाया यांचा उल्लेख नाही. चेहरा झाकायचा की नाही यावर इस्लामी विद्वानांतच शतकानुशतकं मतभेद आहेत. म्हणूनच इंडोनेशिया, तुर्कस्तान, मोरोक्को आणि सौदी अरेबिया या चारही मुस्लिम बहुसंख्य देशांत बायकांचा पेहराव चार तऱ्हांचा दिसतो.

खुद्द सौदीतही पूर्वी एकच पेहराव नव्हता. नैर्ऋत्येकडच्या असीरच्या डोंगरात बायका रंगीबेरंगी कपडे घालून, डोक्यावर पेंढ्याच्या रुंद टोप्या घालून शेतात राबत. वाळवंटातल्या बदाऊन टोळ्यांत बायका शेळ्यामेंढ्या आणि उंट सांभाळत. जेद्दा हे बंदर, तिथे जगभरचे यात्रेकरू येत, त्यामुळे तिथली रीत वेगळी. एका प्रदेशाची, म्हणजे मध्य भागातल्या नज्दची कडक रीत सगळ्या देशावर आली ती राज्यसत्तेच्या जोरावर.

सक्तीचं यंत्र कसं उभं राहिलं

इ.स. १७४४ मध्ये दिरिया इथे मुहम्मद इब्न सौद हा सरदार आणि मुहम्मद इब्न अब्द अल-वहाब हा धर्मोपदेशक यांच्यात समझोता झाला. तलवार सरदाराची, धर्माचा अर्थ लावायचा अधिकार उपदेशकाचा. १९३२ मध्ये आजचं सौदी राज्य स्थापन झालं तेव्हाही हीच वाटणी कायम राहिली. राजाने राज्य करावं, तेलाचा पैसा वाटावा, परराष्ट्र धोरण ठरवावं. शाळा, न्यायालयं आणि समाजाची वागणूक धर्मगुरूंनी सांभाळावी. या वाटणीत बायकांचं आयुष्य धर्मगुरूंच्या वाट्याला गेलं.

तरीही राजाने मनावर घेतलं की बदल होत असे. १९६० मध्ये सरकारने मुलींच्या शाळा काढायची घोषणा केली. १९६३ मध्ये बुरैदा शहरात मुलींच्या शाळेला एवढा विरोध झाला की फैसल यांनी तिथे सशस्त्र दल पाठवलं. शाळा सुरू झाली. पण धर्मगुरूंची समजूत काढण्यासाठी मुलींच्या शिक्षणाचा सगळा कारभार त्यांच्याच हाती सोपवला गेला. एक पाऊल पुढे टाकायचं आणि त्याची किंमत म्हणून एक किल्ली धर्मगुरूंच्या हाती द्यायची, ही पद्धत लक्षात ठेवा.

मग आलं १९७९. २० नोव्हेंबरला जुहैमान अल-उतैबी आणि त्याच्या शेकडो सशस्त्र साथीदारांनी मक्केची मुख्य मशीद ताब्यात घेतली. ती सोडवायला दोन आठवडे लागले. पवित्र मशिदीत शस्त्र चालवण्यासाठी राजाला धर्मगुरूंचा फतवा घ्यावा लागला. त्याच वर्षी इराणमध्ये खोमेनींची क्रांती झाली होती आणि आपणच खरे इस्लामी, असा दावा तिथून सुरू झाला होता. दोन्ही बाजूंनी घेरलेल्या राजघराण्याने ठरवलं की आपण कुणापेक्षाही कमी धार्मिक दिसता कामा नये. बंडखोरांना देहदंड दिला, पण त्यांच्या बऱ्याच मागण्या स्वतःच अमलात आणल्या. वर्तमानपत्रांतून बायकांची छायाचित्रं गेली, करमणूक बंद झाली, धार्मिक पोलिसांना पैसा आणि मोकळीक मिळाली.

या धार्मिक पोलिसांना लोक ‘मुतव्वा’ म्हणत. बाजारात, मॉलमध्ये ते फिरत. केसांची बट दिसली, अबाया जरा रंगीत असला, की दटावणी, प्रसंगी अटक. गंमत अशी की अबाया काळाच हवा असं सांगणारं छापील कलम नव्हतं. नियम लिहिलेला नसला की तो अर्थ लावणाऱ्याच्या मर्जीवर चालतो. फौजेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की आदेश स्पष्ट हवा, कारण अस्पष्ट आदेशाचा गैरवापर सगळ्यात सोपा असतो. इथे ती अस्पष्टता हेच हत्यार होतं.

दोन घटना

पहिली घटना आखाती युद्धाची. १९९० मध्ये कुवेत मुक्त करण्यासाठी अमेरिकन फौज सौदीत उतरली. त्या फौजेत महिला सैनिक होत्या आणि त्या लष्करी वाहनं चालवत होत्या. सौदी बायकांना मात्र गाडी चालवायला बंदी. ६ नोव्हेंबर १९९० रोजी ४७ सौदी स्त्रियांनी रियाधमध्ये गाड्या चालवत ताफा काढला. त्यांना ताब्यात घेतलं, अनेकींच्या नोकऱ्या गेल्या, पासपोर्ट जप्त झाले आणि बंदीवर फतव्याचं शिक्कामोर्तब झालं.

याला एक जोडकथा आहे. अमेरिकन हवाई दलाने आपल्या महिला सैनिकांना तळाबाहेर जाताना अबाया घालायची, मागच्या सीटवर बसायची आणि सोबत पुरुष घ्यायची सक्ती केली होती. मार्था मॅकसॅली ही लढाऊ वैमानिक. २००१ मध्ये तिने स्वतःच्याच संरक्षण मंत्र्याविरुद्ध खटला भरला. २००२ मध्ये सक्ती गेली आणि अमेरिकन संसदेने अशा सक्तीविरुद्ध तरतूद केली. म्हणजे जगातलं सर्वांत बलाढ्य सैन्यसुद्धा तेलाच्या मैत्रीखातर आपल्याच अधिकारी महिलेला झाकायला तयार होतं. तिला न्याय मिळाला, कारण तिच्या देशात सरकारला न्यायालयात खेचता येतं.

दुसरी घटना मक्केतली. ११ मार्च २००२ रोजी मुलींच्या एका शाळेला आग लागली आणि १५ मुली मरण पावल्या. मुलींनी अबाया आणि रुमाल नीट घातले नव्हते म्हणून धार्मिक पोलिसांनी त्यांना बाहेर पडायला आणि बचाव करणाऱ्यांना आत जायला अडथळा केला, अशा बातम्या सौदी वृत्तपत्रांनीच छापल्या. सरकारी चौकशीने हा आरोप फेटाळला. पण लोकांचा संताप एवढा होता की मुलींच्या शिक्षणाचा कारभार धर्मगुरूंकडून काढून शिक्षण मंत्रालयाकडे देण्यात आला. १९६० च्या दशकात दिलेली किल्ली चाळीस वर्षांनी परत घेतली, आणि तीही १५ मुलींच्या मृत्यूनंतर.

सक्ती सैल का झाली

२००५ नंतर राजे अब्दुल्ला यांनी सावकाश बदल सुरू केले. हजारो मुलामुलींना शिष्यवृत्ती देऊन परदेशी पाठवलं. २०१३ मध्ये १५० जणांच्या शूरा सल्लागार मंडळात ३० स्त्रिया नेमल्या. २०१५ मध्ये स्त्रियांनी प्रथमच नगरपालिका निवडणुकीत मतदान केलं.

खरा वेग आला तो मुहम्मद बिन सलमान यांच्या काळात. त्यामागे सगळ्यात मोठं कारण आहे पैसा. २०१४ च्या मध्यापर्यंत तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर होतं, २०१६ च्या सुरुवातीला ते ३० डॉलरच्याही खाली आलं. लोकसंख्या तरुण, सरकारी नोकऱ्या संपत आलेल्या आणि निम्मा समाज घरात बसलेला. मुलीला नोकरीवर जायचं तर चालक ठेवा, त्याला पगार द्या, त्याची राहायची सोय करा. असे लाखो परदेशी चालक, त्यांत आपले भारतीयही, सौदी घरांत काम करत होते. ही चैन तेल महाग असताना परवडत होती.

एप्रिल २०१६ मध्ये दोन गोष्टी घडल्या. धार्मिक पोलिसांचा अटक करण्याचा अधिकार काढून घेतला आणि ‘व्हिजन २०३०’ जाहीर झालं. त्यात कामकरी स्त्रियांचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेण्याचं लक्ष्य होतं. क्रम बघा. आधी विरोध करू शकणाऱ्याचे हात बांधले, मग चाल केली. सैन्याच्या भाषेत ही नीट आखलेली मोहीम होती.

पुढच्या तारखा भराभर येतात. २०१८ च्या फेब्रुवारीत ज्येष्ठ धर्मगुरू मंडळाचे सदस्य अब्दुल्ला अल-मुतलक म्हणाले की अबाया घालायची सक्ती असू नये. मार्चमध्ये युवराजांनी अमेरिकन दूरचित्रवाणीवर सांगितलं की शरियत सभ्य कपडे मागते, काळा अबायाच हवा असं म्हणत नाही. २४ जून २०१८ ला स्त्रियांनी गाड्या चालवल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये २१ वर्षांवरच्या स्त्रीला पुरुष पालकाच्या परवानगीशिवाय पासपोर्ट काढायची आणि प्रवास करायची मुभा मिळाली. सप्टेंबरमध्ये पर्यटक व्हिसा सुरू झाला आणि परदेशी स्त्रियांना अबायाची गरज नाही, सभ्य कपडे पुरेत, असं जाहीर झालं. २०२१ मध्ये सैन्यभरतीसुद्धा स्त्रियांना खुली झाली.

परिणाम खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. ३० टक्क्यांचं लक्ष्य २०३० च्या कितीतरी आधीच ओलांडलं गेलं, आता ते प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास आहे. दुकानांत, विमानतळावर, बँकेत सौदी मुली काम करताना दिसतात. कुणी निकाबात, कुणी रंगीत अबायात, कुणी डोकं उघडं ठेवून. बहुसंख्य स्त्रिया आजही अबाया घालतात. त्यांतल्या अनेकींना तो मनापासून हवा आहे, अनेकजणी घरच्यांसाठी घालतात. पोलीस गेला म्हणून वडील, भाऊ आणि शेजारी जात नाहीत.

मोकळीक आणि हक्क

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. स्त्रियांना गाडी चालवायची परवानगी मिळण्याच्या काही आठवडे आधी, मे २०१८ मध्ये, तीच मागणी वर्षानुवर्षं करणाऱ्या स्त्रियांना अटक झाली. त्यांत लुजैन अल-हथलूल होती. तुरुंगात छळ झाल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला, सरकारने तो नाकारला. डिसेंबर २०२० मध्ये तिला पाच वर्षं आठ महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षेचा काही भाग स्थगित झाल्यामुळे फेब्रुवारी २०२१ मध्ये ती सुटली.

मागणी पूर्ण होत असताना मागणी करणारीला तुरुंगात का टाकायचं? कारण राज्यकर्त्याला संदेश द्यायचा होता की हे मी दिलं आहे, तुम्ही मिळवलेलं नाही. मागितल्याने मिळतं असं एकदा लोकांना कळलं की उद्या ते मतदान मागतील, परवा हिशेब मागतील.

कपड्याच्या बाबतीत याचं ठळक उदाहरण म्हणजे मनाहिल अल-उतैबी ही व्यायाम प्रशिक्षक. जानेवारी २०२४ मध्ये दहशतवादाचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायालयाने तिला ११ वर्षांची शिक्षा दिली. मानवाधिकार संघटनांच्या म्हणण्यानुसार तिच्यावरच्या आरोपांत पुरुष पालकत्व रद्द करा असं समाजमाध्यमांवर लिहिणं आणि अबाया न घालता बाजारात काढलेली चित्रं टाकणं यांचा समावेश होता. सौदी सरकारचं म्हणणं, गुन्हे दहशतवादाशी संबंधित आहेत. ज्या देशात युवराज म्हणतात अबाया सक्तीचा नाही, तिथेच हे घडतं. नियम लिहिलेला नसला की काय होतं, ते पुन्हा दिसलं. पूर्वी अर्थ मुतव्वा लावत होता, आता सरकारी वकील लावतो.

२०२२ चा नवा कौटुंबिक कायदाही पाहा. लग्नासाठी पुरुष पालकाची संमती त्यात कायम आहे. पोटगी आणि पत्नीची आज्ञाधारकता यांची सांगडही कायम आहे. म्हणजे गाडीची किल्ली हातात आली, पण लग्नाच्या कागदावर सही अजून वडिलांची किंवा भावाची लागते.

शेजारच्या देशांनी काय दाखवलं

इराणमध्ये १९३६ मध्ये रझा शाह यांनी चादर आणि पडदा काढण्याचा हुकूम दिला. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढत. परिणाम असा की अनेक धार्मिक घरांतल्या बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९ नंतर नव्या राजवटीने उलटा हुकूम काढला आणि १९८३ च्या कायद्यात हिजाब न घालणारीला फटक्यांची शिक्षा आली. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या २२ वर्षांच्या मुलीचा नैतिकता पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला आणि देश पेटला. एकाच देशात आधी काढायची सक्ती आणि नंतर घालायची सक्ती. दोन्ही वेळा बाईला कुणी विचारलं नाही.

अफगाणिस्तानात राजे अमानुल्ला यांनी १९२८ मध्ये घाईने सुधारणा केल्या. राणी सोरया पडद्याबाहेर आल्या. बंड झालं आणि १९२९ मध्ये राजाला देश सोडावा लागला. आज तिथे तालिबान आहे आणि मुलींना सहावीपुढे शाळा बंद आहे. वरून आलेली सुधारणा समाजात मुरली नाही, तर ती एका सत्तांतरात वाहून जाऊ शकते.

आपल्याला यातून काय घ्यायचं आहे

सौदी अरेबियात २५ लाखांच्या आसपास भारतीय राहतात. त्यांत केरळच्या परिचारिका मोठ्या संख्येने आहेत. त्यांचं रोजचं जगणं या बदलांमुळे सोपं झालं आहे. हजच्या बाबतीतही बदल झाला. २०१८ पासून ४५ वर्षांवरच्या भारतीय मुस्लिम स्त्रिया गट करून, पुरुष नातेवाइकाशिवाय हजला जाऊ लागल्या. २०२३ मध्ये अशा स्त्रियांची संख्या ४ हजारांच्या पुढे गेली. ही मुभा मात्र भारताने आपल्या हज धोरणात बदल केल्यामुळे मिळाली.

आपल्याकडे बदलाचा रस्ता वेगळा आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला, तोंडी तलाकाविरुद्ध. फक्त सातजणी. पण त्या स्वतः चालत गेल्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो खटल्यात तत्काळ तीन तलाक रद्द केला. मधे ५१ वर्षं गेली. आपला रस्ता लांब, गोंगाटाचा आणि चिडचिड करायला लावणारा आहे. कर्नाटकातल्या हिजाब वादावर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही. तुमचं मत कोणत्याही बाजूचं असो, त्या मुली सरकारविरुद्ध न्यायालयात उभ्या राहिल्या आणि त्यासाठी त्यांना कुणी दहशतवादी ठरवलं नाही, हे विसरू नका.

म्हणून कुठल्याही देशातल्या सुधारणेची बातमी आली की तीन प्रश्न विचारा. आदेश कुणी काढला? तो मागे घेणं किती सोपं आहे? आणि ही मागणी सगळ्यात आधी करणारी माणसं आज कुठे आहेत? सौदी अरेबियाला हे तीन प्रश्न लावले तर पहिलं उत्तर, एका माणसाने. दुसरं, एका सहीने. आणि तिसऱ्याचं उत्तर, काही तुरुंगात गेल्या, काही देश सोडून गेल्या, काही सुटल्या पण गप्प आहेत.

तरीही मी निराश नाही. जी मुलगी गेली सात-आठ वर्षं स्वतः गाडी चालवत कामावर जाते, स्वतःचा पगार घरात आणते, तिला पुन्हा मागच्या सीटवर बसवणं कुठल्याही राजाला महागात पडेल. मोकळीक वापरता वापरता लोकांना तिची सवय होते, आणि अशी सवय झालेली गोष्ट काढून घेणं सोपं नसतं. हक्काची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या सीमांकडे वळू. जय हिंद.